पिशवीवरचा सदरा

२ मार्च

आधी भांडायला नवरा होता. आता नवरा आहे, पण भांडण होत नाही. मी बोलते, तो बघतो. भिंतीशी बोललं तर भिंत निदान आवाज तरी परत देते. म्हणून ही वही. सुनेनं आणून दिली. म्हणाली, "आई, मनात येईल ते लिहा, म्हणजे शांत वाटेल." कुणाला शांत वाटेल ते मला कळलं. शाळेत मी चार यत्ता गेले, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. पण वाचणार कोण? मीच.

हिवाळ्यात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाय आता फरफटत का होईना चालतो. वाचा आली नाही. डाव्या हातानं जेवतो, अर्धं अंगावर सांडतो. डॉक्टर म्हणाले, समज किती राहिली आहे ते सांगता येत नाही. मी सांगते. काही राहिलेली नाही. पूर्वी मी त्याला अहो म्हणायचे. आता रोज सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणं मी लावते, तोंड मी पुसते. ते करताना अहो तोंडातून निघत नाही.

धंदा आमचा कालवांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, पिल्लं वाढवायचा. पिल्लं म्हणजे चिमटीत घेतली तर धूळ. आणि ती खातात ते त्याहून बारीक, समुद्राच्या पाण्यातलं शेवाळ. त्यातला एक जीव डोळ्यांना दिसत नाही, पण रग्गड झाले की पाण्याला रंग येतो. आम्ही त्याला चारा म्हणतो. तो आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली बाटल्यांत सुरू होतो, मग बाहेरच्या शेडमध्ये टांगलेल्या माणसाएवढ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत वाढतो. चांगला चारा कोऱ्या चहासारखा दिसतो. चारा मेला की पिल्लं उपाशी, आणि पिल्लं उपाशी की आम्ही उपाशी.

पिल्लं धुणं, चाळणं, भरवणं हे माझं काम. चारा त्याचा. त्याला कुणाला बोट लावू दिलं नाही, आणि कसं करतो ते कधी सांगितलंही नाही. विचारलं की म्हणायचा, "बघत राहा." आता चारा माझ्या गळ्यात पडलाय आणि सांगणारा खुर्चीत बसून भिंत बघतोय. राग येणार नाही तर काय येईल?

५ मार्च

मुलानं शेडचं छप्पर बदललं. जुने प्लास्टिकचे पत्रे पिवळे पडलेले, वर वर्षानुवर्षांची घाण. आत कायम दिवेलागणीला असतो तसला उजेड. आता काचेसारखं लख्ख प्लास्टिक. आत गेलं की डोळे बारीक करावे लागतात. मुलगा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आई, ऊन म्हणजे ह्यांचं जेवण. आता बघ चारा कसा फोफावतो." मला पटलं. रोपाला ऊन लागतं हे मलाही कळतं, त्याला कॉलेज कशाला?

नवऱ्यालाही दाखवायला आणलं. तो मान वर करून बघत राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग घशातून एकच आवाज काढतो तो काढला, "हं, हं," आणि मुलाचा दंड धरून हलवत राहिला.

"बाबा खूश झाले," मुलगा म्हणाला.

माझेही डोळे भरले, खोटं कशाला लिहू. ह्या हिवाळ्यानंतरचा तेवढाच बरा दिवस.

८ मार्च

बाटल्यांतला चारा नव्या पिशव्यांत भरला. पहिली ओळ पूर्ण. सकाळभर मी आणि सून, पाणी गाळा, पिशव्या टांगा, हवेच्या नळ्या सोडा. कंबर मोडली. दुपारी जेवून येते तर काय, ह्यानं कोपऱ्यातलं जुन्या शिडाचं कापड ओढत आणलंय आणि सगळ्या ओळीवर टाकलंय. एका हातानं कसं टाकलं कुणास ठाऊक. घामानं निथळत होता.

मुलानं एवढा खर्च करून ऊन आणलं आणि ह्यानं त्याला पडदा लावला. मी कापड ओढून काढलं. तो परत टाकायला लागला. मी म्हटलं, "अरे, झोपायचंय तर खाटेवर झोप. इथे तंबू कशाला ठोकतोस?" तो "हं, हं" करत राहिला. दोघांची ओढाओढी झाली. शेवटी दोन हातांसमोर एक हात किती टिकणार?

जिंकून बरं वाटलं नाही. त्याचाही राग आला.

९ मार्च

परत तेच. सकाळी गरीब गाय. दुपारचं ऊन डोक्यावर आलं की ह्याच्या अंगात येतं. आज मी पिल्लं चाळत होते तेवढ्यात कापड टाकून मोकळा. माझं लक्ष गेलं तेव्हा उन्हं उतरलेली, आणि तो स्वतःच कापड काढून घडी करत होता. घडी म्हणजे चोळामोळा.

सून म्हणाली, "आई, बाबांना काहीतरी सांगायचं असेल."

"सांगायचं असतं तर तीस वर्षांत सांगितलं असतं," मी म्हटलं. ती तोंड फिरवून हसली. मी विनोद केला नव्हता.

११ मार्च

ढग. दिवसभर सूर्य दिसला नाही. तो खुर्चीत बसून राहिला, कापडाकडे ढुंकून बघितलं नाही. गुणी बाळ. मी सुनेला म्हटलं, बघ, परवाची ओरड कामाला आली. शिस्त लावली की लागते.

१४ मार्च

पिशव्या उतरल्या आहेत. उतरल्या म्हणजे रंग उतरला. चहा होता तो आता तांदळाच्या धुवणासारखा. दोन दिवस ढग होते तेव्हा जरा सावरल्यासारख्या वाटल्या, ऊन पडल्यावर परत गेल्या. तळाला पांढरट गाळ.

मला माहीत आहे हे कुणाचं काम. सून पिशव्यांच्या नळ्या ब्लीचनं धुते आणि खळखळून विसळत नाही. मी तिला सरळ सांगितलं. ती म्हणाली, तीन पाण्यांतून काढते. मी म्हटलं, मग पाच पाण्यांतून काढ. ती म्हणाली, "पाच पाण्यांतून काढलं तर तुम्ही म्हणाल पाण्याची नासाडी करते." मी म्हटलं, उलट उत्तर देऊ नकोस. ती म्हणाली, "मग सुलट कसं देतात ते दाखवा."

खरं म्हणजे मला अशी सून आवडते. पण हे तिला सांगणार नाही, आणि ब्लीचचं मी मागे घेणार नाही.

१७ मार्च

पाणी तपासणारी बाई आली. बाई कसली, पोरगी. चश्मा, खांद्याला पिशवी, त्यात काचेच्या नळ्या. मीच बोलावली होती. तासभर नळ्या बुडवल्या, थेंब टाकले, बारीक जीव मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत बघितलं. म्हणाली, "काकू, पाण्यात दोष नाही. खारटपणा बरोबर आहे, ब्लीचही नाही."

सून माझ्या मागे उभी होती. तिची नजर मला मानेला जाणवली.

"छप्पर कधी बदललंत?" पोरीनं विचारलं.

"छपराचं काय घेऊन बसलीस? चारा पाण्यात आहे, छपरात नाही. पाणी बघ."

"पाणी बघितलं ना काकू. मी छपराबद्दल—"

"मग परत बघ."

परत बघायला तिला वेळ नव्हता, दुसऱ्या गावी जायचं होतं. गेली. तपासणीचे पैसे मात्र न विसरता नेले.

संध्याकाळी मुलानं विषय काढला. एक केंद्र आहे, आजारी माणसांना कायमचं सांभाळतात, त्यात जागा झाली आहे. पाच एप्रिलला त्यांची गाडी येईल. "आई, तू चारा बघणार, पिल्लं बघणार का बाबांना बघणार? आणि ते कापडाचं वेड दिवसेंदिवस वाढतंय. उद्या पंपाच्या वायरवर पडले म्हणजे?" सगळं तो त्याच्या समोरच बोलला, मीही बोलले. लपवायचं कुणापासून? मी तर म्हटलं, "ह्याला काय, इथे बसला काय आणि तिथे बसला काय, ह्याला कुठे फरक कळतोय."

तो जेवत होता. चमचा हातातच थांबला, मग खाली पडला. मी पुसलं.

खरं लिहू? क्षणभर मनात आलं, गेला तर बरं होईल. रात्रभर झोप तरी लागेल. मग स्वतःचाच इतका राग आला की भांडी आपटून आपटून घासली.

१९ मार्च

शिडाचं कापड कोठीत टाकून कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. बघू आता.

दुपारी तो कोपऱ्यात गेला. कापड नव्हतं. शेडभर शोधलं. मग कोठीच्या दाराशी उभा राहून कडी हलवत राहिला. मी पिल्लांना उरलासुरला चारा घालत होते, ती कडी डोक्यात वाजत होती. शेवटी ओरडले, "बस कर." तो थांबला. पूर्वी मी पिल्लांचं टाकं वाहू दिलं होतं तेव्हा बघितलं होतं, तसं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, डोळे कुणाला दाखवतोस?

२० मार्च

आजच्यासारखा दिवस वैऱ्यावर येऊ नये.

आमचं मोठं गिऱ्हाईक आलं होतं, कालवांची शेती करणारा. दर हंगामाला निम्मी पिल्लं तोच घेतो. पिशव्या बघून त्याचा चेहरा लांब झाला. मी सांगत होते, आठवड्यात सगळं जागेवर येईल. तेवढ्यात मागून टप टप आवाज. वळून बघते तर हा सदऱ्याची बटणं तोडतोय. एका हातानं बटण काढता येत नाही, म्हणून ओढून तोडतोय. बटणं फरशीवर उड्या मारत गेली. सदरा काढला, उघडा झाला, आणि तो सदरा ओळीतल्या पहिल्या पिशवीला गुंडाळला. बाही वरच्या दोरीत खोचली. मग पिशवीच्या उन्हाच्या बाजूला जाऊन उभा राहिला, पाठीवर ऊन घेऊन. वाळलेली पाठ, फासळ्या मोजून घ्या.

गिऱ्हाईक मला म्हणालं, "वहिनी, तुम्ही घरचं बघा. मी यंदा दुसरीकडे बघतो." चांगल्या शब्दांत म्हणालं, म्हणून जास्त लागलं.

मुलानं बापाला हाताला धरून आत नेलं. सदरा काढायला गेला तर मी म्हटलं, "राहू दे. सडू दे तिथेच. त्याला पिशवीला कपडे घालायचेत ना, घालू दे. दुसरा सदरा मी देणार नाही."

दिला. दुपारनंतर थंडी वाजत होती त्याला. पण वाजू दे म्हणून आधी थोडा वेळ थांबले.

२२ मार्च

पिल्लं मरायला लागली. चाळणीत रिकामे शिंपले, वाळूसारखे. सून आमच्या तसल्याच दुर्बिणीत बघून म्हणाली, जगलेल्यांचीही पोटं रिकामी आहेत. चारा खाल्लेल्या पिल्लाच्या पोटात तपकिरी ठिपका दिसतो. एकाच्याही पोटात ठिपका नाही. मी बघितलं, मला तर पिल्लूही धड दिसलं नाही, पण विश्वास ठेवला. आतल्या बाटल्यांतला चारा देऊन किती दिवस भागणार?

मुलगा म्हणतो, गाडीची तारीख अलीकडे घेता येते का ते विचारतो. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२३ मार्च

आज मेलेल्या पिशव्या उतरवून ओतून द्यायला घेतल्या. एकेक फाडायची आणि गटारात सोडायची. सगळं पांढरं पाणी. हंगाम गटारात जाताना बघत होते. पहिल्या पिशवीशी आले, सदरा ओढून काढला.

पिशवी काळी होती. काळी म्हणजे गडद, कोरा चहा. तोच चारा, तेच पाणी, त्याच बाटल्या, त्याच दिवशी भरलेला. शेजारची पिशवी धुवण आणि ही चहा. फक्त एका कडेला, जिथे सदऱ्याचं बटण तुटून पट्टी उघडी पडली होती, तिथे प्लास्टिकला आतून पांढरा थर धरलेला. उभी पांढरी रेघ.

सुनेला हाक मारली. तिनं बघितलं आणि म्हणाली, "आई, ऊन." एवढंच.

मी आत गेले. तो खुर्चीत बसला होता. मी विचारलं, "ऊन लागत होतं? उन्हानं मरत होता चारा?" त्यानं डोळे मिटले. उघडले. परत भिंतीकडे बघायला लागला. जणू आता माझ्याशी बोलण्यात त्याला रस नाही.

मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "आई, योगायोग. एका सदऱ्यावरून काय ठरतं? बाबा भांड्यांवरही कपडे टाकतील उद्या."

मी म्हटलं, "भांड्यांवर टाकलेले तू बघितलेस का?"

"नाही, पण—"

"मग गप्प बस." पण मुलाचं खरं असलं तर काय, आणि खोटं असलं तर काय, दोन्हींनी भीती वाटत होती.

२४ मार्च

ऊन मारतंय तर ऊनच नको. सदऱ्यातल्या चाऱ्यानं सहा पिशव्या नव्या भरल्या आणि ट्रकवर टाकतात ती काळी ताडपत्री आणून वरपासून खालपर्यंत झाकल्या. बोटभर फट ठेवली नाही. आता ये म्हणावं उन्हाला.

२५ मार्च

आणि सकाळी उठून बघते तर ह्यानं ताडपत्री काढून टाकली. कोवळं ऊन पिशव्यांवर, आणि हा शेजारी खुर्ची घेऊन बसलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी झाकायचं वेड, आता उघडायचं वेड. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "बघ. मी काय म्हणत होतो." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मात्र खरं.

मी ताडपत्री परत टाकली. त्यानं परत ओढली. मी रडायला लागले. रागानं. मला रागाशिवाय रडता येत नाही.

तेवढ्यात ती तपासणीवाली पोरगी आली. सुनेनं माझ्या पाठीमागे फोन केला होता. चांगल्या आणि मेलेल्या दोन्ही पिशव्यांतलं पाणी घेतलं, छपराच्या प्लास्टिकचा तुकडा कापून उजेडात धरला, मशिनीवर ठेवला. मग बसली आणि माझ्या वयाच्या बाईला समजावतात तसं समजावायला लागली. मी ऐकून घेतलं, कारण दुसरा उपाय नव्हता.

"काकू, हे जीव उन्हावर जगतात आणि उन्हानंच भाजतात. उन्हात डोळ्यांना न दिसणारा एक भाग असतो, अतिनील. तुमचे जुने पिवळे पत्रे तो अडवत होते. हे नवं प्लास्टिक आरपार सोडतं. शिवाय खोलीतल्या मंद उजेडात वाढलेले जीव तुम्ही एकदम भर दुपारी बाहेर काढले."

"म्हणून तर झाकलं."

"पूर्ण झाकलं तर उपाशी मरतील. आणि जे भाजलंय ते भरून काढायला त्यांना उजेडच लागतो, पण मऊ. सकाळचा, उन्हं उतरल्यावरचा. अंधारात ती दुरुस्ती नीट होत नाही."

"मग करायचं काय? झाकायचं का उघडायचं? एक सांग."

"दोन्ही. दुपारी झाका, सकाळ-संध्याकाळ उघडा. रोज थोडं थोडं जास्त ऊन दाखवत न्या. ह्यांच्यातले बरेचसे आपल्या अंगातच ऊन अडवायचं काहीतरी बनवायला शिकतात. छत्रीच म्हणा. पण एका दुपारीत छत्री तयार होत नाही." मग तिनं खुर्चीकडे बघितलं. "काका पूर्वी असंच करायचे का?"

"मला काय माहीत? नुसतं बघत राहा म्हणायचा."

"मग तुम्ही बघितलंत का?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. सरळ विचारलं. म्हणूनच तिला एक ठेवून द्यावीशी वाटली.

बघण्यासारखं ते दुपारचं कापड होतं, ढगाळ दिवशी गप्प बसणं होतं, उन्हं उतरल्यावरची चोळामोळा घडी होती. हे सगळं मी बघितलं आणि त्याच्यावर ओरडले.

कोठीचं कुलूप काढलं. कापड त्याच्या मांडीवर टाकलं. आपटलंच खरं तर.

३० मार्च

तो सूर्याकडे बघतच नाही. फरशीवरच्या खांबाच्या सावलीकडे बघतो. सावली खांबाच्या पायाशी गोळा झाली की उठतो, कापड टाकतो. सावली पसरली की काढतो. मधला वेळ रोज थोडा कमी करतो. मी आधी एक हात कापड बाजूला केलं तर त्यानं परत ओढून एक वीतच उघडं ठेवलं. काय म्हणावं ह्या कंजूषपणाला? चारा वाढतोय, पण गोगलगाईच्या चालीनं. मी म्हटलं, अरे, पिल्लं उपाशी आहेत, जरा हात चालव. त्यानं ऐकलं नाही.

मुलगा तीनदा येऊन बघून गेला. गाडी रद्द केली का, विचारलं तर म्हणाला, "आई, चारा एक गोष्ट आहे आणि माणूस एक गोष्ट आहे. सवयीनं कापड टाकतात. हात लक्षात ठेवतो, डोकं नाही. मी विचारलंय दवाखान्यात. असं होतं म्हणाले." तोही काही वाईट मुलगा नाही. बापाला तसा बघवत नाही त्याला, म्हणून डोळ्यांआड करायचा आहे. मला ते कळतं आणि त्यामुळे आणखी चीड येते. वाईट असता तर सरळ झोडपला असता.

४ एप्रिल

उद्या गाडी. बॅग भरली नाही. मुलगा म्हणाला, मी भरतो. मी म्हटलं, भर. त्यात सदरे ठेवलेस तर हात मोडीन. वेडेपणा. मग काय घालून जाणार होता तो?

पहिली ओळ आता भर दुपारीही टिकते. रंग जरा पिवळसर झालाय, चहात दूध नाही पण मध पडल्यासारखा. पोरीनं सांगितलं होतं, असं होईल, घाबरू नका. दुसरी ओळ आज सकाळीच बाटल्यांतून नवी भरली. तिलाच कापड.

५ एप्रिल

गाडी वेळेवर आली. पांढरी, बाजूला फुलाचं चित्र. गाडीवाला भला माणूस होता, चप्पल बाहेर काढून आला. मुलगा बॅग घेऊन उभा. तो शेडमध्ये होता, सावली गोळा होत आली होती.

मी मुलाला म्हटलं, "न्यायचाय ना? ने. पण आज त्याच्याऐवजी तू कापड टाक. हात लक्षात ठेवतो म्हणालास, डोकं नाही. बघू तुझं डोकं."

"आई, गाडी थांबलीय."

"गाडीला चाकं आहेत, पाय दुखत नाहीत. टाक."

मुलानं चिडून बॅग ठेवली, कापड उचललं आणि पहिल्या ओळीवर फेकलं. रोज बापाला तिथंच टाकताना बघितलं होतं ना त्यानं. बरोबर जागा, चुकीचा दिवस. मला कळलं होतं. मी तोंड दाबून उभी राहिले. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

तो खुर्चीतून उठला. पाय ओढत आला. कापड पहिल्या ओळीवरून ओढून काढलं आणि दुसऱ्या ओळीकडे घेऊन गेला. मुलानं परत पहिल्या ओळीकडे ओढलं, मुद्दाम केलं का हट्टानं, ते मला माहीत नाही. त्यानं डावा हात उचलला आणि मुलाच्या मनगटावर फाडकन चापट मारली. मग त्याच हाताचं बोट पहिल्या ओळीच्या पिवळसर रंगाला लावलं. मग दुसऱ्या ओळीच्या गडद, कोवळ्या रंगाला. मग मुलाच्या कपाळाला.

लहानपणी मुलगा टाक्यात हात घालायचा तेव्हा असाच मारायचा. मनगटावर. आणि नंतर कपाळावर बोट.

मुलगा पंचविशी उलटलेला बाप्या, हात धरून उभा राहिला. गाडीवाला खाली बघत होता. मग मुलगाच त्याला म्हणाला, "दादा, तुम्हाला फुकट हेलपाटा पडला. चहा घेऊन जा." आणि कापडाचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून दुसऱ्या ओळीवर टाकलं. बापानं एक कोपरा दोन बोटं सरकवून नीट केला. पोराचं काम त्याला कधीच पसंत पडत नाही.

संध्याकाळी मी तुटलेली बटणं शिवायला बसले. काही सापडली नाहीत, दुसऱ्या सदऱ्याची लावली, रंग जुळत नाही. ते समोर खुर्चीत बसले होते. शिवता शिवता सगळं आठवत गेलं. तंबू कशाला ठोकतोस, मी म्हणाले ते. तिथे बसला काय आणि इथे बसला काय म्हणाले ते. समज राहिलेली नाही असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, त्यांच्या डोक्यावरून, खुर्ची-टेबलाबद्दल बोलावं तसं. सुई बोटात गेली.

"अहो," मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही ऐकत होता. सगळं. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी डोळे मिटले, उघडले.

"मग एकदा तरी खुर्ची आपटायची होतीत. ताट भिरकावायचं होतंत. मी बोलतच राहिले ना, मला काय कळणार? तीस वर्षं नुसतं बघत राहा, बघत राहा. बोलता येत होतं तेव्हा काय जीभ झिजत होती? दोन वाक्यांत सांगून झालं असतं, दुपारी झाका, सकाळी उघडा. निम्मी पिल्लं मेली माझी. गिऱ्हाईक गेलं. आणि तुमची पाठ भाजली ती वेगळीच, तिला तेल कोण लावणार?"

बराच वेळ बोलले. आवाज चढला होता, सून स्वयंपाकघरातून डोकावून गेली. ते ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी डावा हात पुढे केला, सदरा माझ्या हातातून घेतला, बटणाकडे बघितलं, रंग जुळत नाही ते बघितलं, आणि "हं" केलं. तो "हं" मी ओळखते. हिला एक काम धड येत नाही, असा तो "हं" आहे.

मी म्हटलं, "नको असेल तर घालू नका."

तेव्हा ते हसले. अर्ध्या तोंडानं. उरलेलं अर्धं जागचं हललं नाही, ते अजून माझ्यावर चिडलेलं आहे असं मी धरून चालते. ते कधी हसायचं तेव्हा हसेल. मला घाई नाही, असं लिहिणार होते. पण आहे. कधी नव्हती?